लेकरापासून मरण लपवू नका
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापन दिनाला आम्हाला दोन शब्द बोलायला सांगतात. आम्ही गिरणी कामगार माणूस. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि तुमच्यासारख्यांच्या संगतीत. त्यामुळे उभे राहिलो की संप, शिक्षण, व्यसनमुक्ती, स्पर्धा परीक्षा हेच विषय तोंडात येतात. यंदा मात्र आम्ही एका कुत्र्याविषयी बोलणार आहोत. हसू नका. कुत्र्याचे निमित्त आहे. बोलायचे आहे ते आपल्या मुलांविषयी, आणि आपण त्यांच्याशी जे खोटे बोलतो त्याविषयी.

आमची गिरणी २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. मग आम्ही बिऱ्हाड गुंडाळून गावी आलो. मुलगा आणि सून दोघे मुंबईत नोकरीला. नालासोपाऱ्याला भाड्याची खोली, दोघेही सकाळी सातला बाहेर पडतात ते रात्री नऊला घरी. लहान मूल सांभाळणार कोण? म्हणून नातू आमच्याकडे. अशी घरे आपल्या वाडीत किती आहेत ते सांगायला नको. अर्धी वाडी मुंबईत आणि अर्धी त्यांची मुले सांभाळायला इथे.

नातवाला सोबत म्हणून एक कुत्र्याचे पिल्लू आणले. त्याचे नाव मोती. जातिवंत वगैरे काही नाही, आपले गावठी. पण पोराचा त्याच्यावर आणि त्याचा पोरावर भारी जीव. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढायला लागले की दोघे तिथे. कोणीतरी दोन तारल्या टाकायचा, त्या मोतीच्या. घरी त्याला जेवायला एक करवंटी ठेवली होती. ती धुवायचे काम नातवाचे. आपले स्वतःचे ताट तो कधी उचलत नसे, पण मोतीची करवंटी घासून पालथी घालून ठेवायचा. शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी मोतीला हाक.

गोष्ट २०२४ च्या नोव्हेंबरातली. दिवाळीनंतरचे दिवस. मालवण, तारकर्ली, देवबागकडे पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागलेली. आपले रस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत, दोन्ही बाजूंना गडगे आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा. दुपारी तीनच्या सुमारास मोती रस्त्यावर गेला आणि गाडीखाली सापडला. गाडी थांबली नाही. आम्ही धावत गेलो तोवर संपले होते. नातू शाळेत होता.

त्या रात्री आम्ही मोतीला गोणत्यात घालून किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांत पुरून आलो. रात्रीच का, हे पुढे सांगतो, कारण त्यातच आमची खरी चूक आहे. पोर शाळेतून आल्यावर मोतीला हाका मारमारून दमले. शेवटी त्याने विचारले, "आजोबा, मोती खंय गेलो?"

आम्ही गप्प. त्याची आजी बोलून गेली, "मुंबैक गेलो तुझ्या बापाशीकडे. मे महिन्यात येतलो."

पोर हुशार. म्हणाले, "एस्टीत कुत्र्याक घेतत?" आता आम्हाला तोंड उघडणे भाग पडले. आम्ही म्हणालो, "घेतत. डायवर ओळखीचो आसा." एका खोट्याला टेकू द्यायला दुसरे खोटे उभे केले. युनियनच्या सभांत मालकाच्या खोटेपणावर भाषणे ठोकणारे आम्ही, सात वर्षांच्या पोराशी सरळ खोटे बोललो आणि त्या रात्री आम्हाला वाटले की बरे झाले, पोर रडले नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढे? सगळेच असे सांगतात. कोणी सांगतो देवाघरी गेला, कोणी सांगतो झोपला, कोणी सांगतो मामाकडे गेला. खरे आहे. पण कोकणातल्या घरात "मुंबईला गेला" या शब्दांचा अर्थ काय ते बघा. आपल्याकडे जो मुंबईला जातो तो परत येतो. मे महिन्यात येतो, घरातल्या लग्नाला येतो, खाऊ घेऊन येतो. म्हणजे आम्ही नुसते मरण लपवले नाही, परत येण्याचे वचन दिले. पोराने त्या वचनावर विश्वास ठेवला. चुलीच्या कोळशाने पडवीच्या भिंतीवर रोज एक रेघ मारायला सुरुवात केली. करवंटी धुऊन पालथी घालणे चालूच होते.

बाराव्या दिवशी शाळेत एका पोराने त्याला सांगितले, "तुझो मोती मेलो. गाडयेन उडवल्यान. माझ्या बापाशीन बघल्यान."

घरी आला तो जेवला नाही. भांडला नाही, रडला नाही, काही विचारलेही नाही. संध्याकाळी नेहमीप्रमाणे सुनेचा फोन आला, तर हा फोन घेईना. आजीने जवळ घेऊन विचारले तेव्हा म्हणाला, "आवस मुंबैक आसा म्हणतास. मोती पण मुंबैकच गेल्लो मां?"

धम्मबंधूंनो, त्या क्षणी आमच्या पायाखालची जमीन सरकली. पोराच्या लेखी मुंबई आता मरणाचे नाव झाली होती, आणि त्याचे आईबाप मुंबईत होते. आम्ही व्हिडिओ कॉल लावला, आई दिसली, तेवढ्यापुरते पोर शांत झाले. रात्री दोनला उठून बसले, "आवशीक फोन लाव." दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीही तेच. सुनेची झोप गेली, कामावर लक्ष लागेना. शेवटी दोन दिवसांची रजा टाकून ती तुतारी एक्स्प्रेसने निघाली आणि कुडाळला उतरून घरी आली. एका कुत्र्याच्या मरणाने हे झाले असे समजू नका. मरणाने पोर रडले असते, आठ दिवसांनी सावरले असते. हे आमच्या खोट्याने झाले.

आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट ही की हे खोटे काय करते ते आम्हाला ठाऊक होते. स्वतःच्या अंगावर घेतलेले होते.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमचे वडील त्यांत होते. संप लांबला तसे वडील आम्हा सगळ्यांना घेऊन गावी आले. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे. घरात एक शेळी होती, तिला आम्ही चांदी म्हणायचो. एके दिवशी चांदी दिसेना. आईने सांगितले, चरायला गेली ती सड्यावर वाट चुकली असेल. आम्ही चार दिवस सड्यावर हिंडलो. कातळावर पाय भाजून निघाले. चांदी, चांदी म्हणून घसा बसला. पुढे कित्येक वर्षे आमची समजूत हीच की आपण नीट राखले नाही म्हणून चांदी हरवली. गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, लग्न झाले, त्यानंतर एकदा आईच्या तोंडून निघून गेले की तांदळासाठी चांदी खाटकाला विकली होती. आईला आम्ही दोष देत नाही. घरात दाणा नव्हता. विकली हे बरोबरच केले. पण खरे सांगितले असते तर आम्ही एक दिवस रडलो असतो आणि भात खाल्ला असता. खोटे सांगितल्यामुळे दहा-बारा वर्षे अपराधी म्हणून जगलो.

हे सगळे आठवले आणि त्याच्या पुढच्या रात्री, सून अजून वाटेत होती तेव्हा, नातवाला खळ्यात घेऊन बसलो. म्हणालो, "बाळा, आम्ही तुझ्याशी खोटे बोललो. मोती मुंबईला गेला नाही. तो गाडीखाली सापडून मेला. मेला म्हणजे आता त्याचे शरीर चालत नाही, त्याला भूक लागत नाही, दुखत नाही, आणि तो परत येणार नाही. तुझी आई मुंबईत आहे आणि जिवंत आहे. उद्या ती येते आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत."

पोराने आम्हाला मारले. छातीवर दोन्ही हातांनी मारले. आम्ही मार खाल्ला, तो आमचा होताच. मग ते रडायला लागले, आणि रडता रडता जे बोलले त्याने आम्ही हादरलो. म्हणाले, "बेडा मी उघडा ठेवलंय. शाळेत जाताना बेडा मी लावूक नाय."

म्हणजे बघा, वाड्याचा बेडा आपण उघडा टाकला म्हणून मोती रस्त्यावर गेला आणि मेला, हे ओझे ते लेकरू शाळेतल्या पोराने सांगितल्यापासून एकटे वाहत होते. ते कोणापाशी बोलणार? घरात तर मोती मुंबईला होता! मोठ्यांनी खोटे सांगितले की मुलाला खरे बोलायला जागाच उरत नाही.

अशा वेळी आपण घाईने म्हणतो, "छे, छे, तुझी काही चूक नाही." मुलाला ते पटत नाही, कारण बेडा उघडा होता हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. आम्ही त्याला चक्षुपाल थेरांची गोष्ट सांगितली. ती धम्मपदाच्या पहिल्याच गाथेच्या अट्ठकथेत येते. चक्षुपाल थेर दोन्ही डोळ्यांनी आंधळे. पाऊस पडून गेल्यावर ते चंक्रमण करीत होते तेव्हा त्यांच्या पायाखाली पुष्कळ किडे मेले. इतर भिक्खूंनी बुद्धांकडे तक्रार नेली. बुद्धांनी विचारले, त्यांना मारताना तुम्ही पाहिलेत का? नाही म्हणाले. तसेच त्यांनीही किडे पाहिले नव्हते, बुद्ध म्हणाले, मारण्याची चेतना नव्हती, म्हणून ते पाप नव्हे. चेतना म्हणजेच कर्म, ही बुद्धांची शिकवण आपण वर्षावासात दरवर्षी ऐकतो. ती पोराच्या कामी यायला पाहिजे की नको?

आम्ही विचारले, "मोतीने मरावे असे तुझ्या मनात होते?" म्हणाला, "नाय." मग आम्ही हिशेब मांडला. बेडा उघडा राहिला हे खरे. पण तो बंद असतानाही मोती गडग्यावरून उडी मारून जायचा, हे तू पाहिले आहेस. गाडीवाला जोरात आला. आम्ही दोघे घरात असून आमचेही लक्ष नव्हते. इतकी कारणे एकत्र आली तेव्हा ते झाले. कारण असणे वेगळे आणि गुन्हेगार असणे वेगळे. यापुढे बेडा लावायची आठवण ठेवायची, एवढेच तुझ्याकडे लागते. पोर बराच वेळ विचार करीत बसले. त्या रात्री ते दोनला उठले नाही.

दुसऱ्या दिवशी आई आली, तिला हात लावून पाहिले, आणि मग म्हणाले, "माका मोतीची जागा दाखवा." आम्ही सगळे सुरूच्या झाडांत गेलो. पोराने जांभ्याचे चार तुकडे नेऊन त्या जागेवर मांडले आणि करवंटी तिथे उपडी ठेवली. वाडीतली आणखी पाच-सहा पोरे मागून आली होती. कोणी काही बोलले नाही.

येताना वाटेत वाडीतले एक जाणते गृहस्थ भेटले. आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्यांचा मान मोठा आहे, आणि आज ते या सभेत पुढेच बसले आहेत. ते रागाने म्हणाले, "बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडले. आणि तुम्ही शिकलेली माणसे कुत्र्याचे मर्तिक घालता?"

हा प्रश्न सोपा नाही, आणि दादांनी तो विचारला हे बरे झाले. कारण रात्रीच्या अंधारात मोतीला का पुरले, त्याचे उत्तर याच प्रश्नात आहे. त्या दुपारी आम्ही रस्त्यावर मोतीपाशी उभे असताना बघ्यांतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "त्यांच्या वाडीतल्या कोणाक तरी बोलवा, उचलून नेतीत." तो कदाचित सरळ मनाने बोलला असेल. कुत्रे आमचे होते. पण ते शब्द कानात शिरले आणि आम्हाला आमचा आजा आठवला. गावात कोणाचेही ढोर मेले की ज्याला हाक यायची, तो आजा. आम्ही मोतीला तिथेच गोणत्याखाली झाकून ठेवले आणि घरी आलो. दिवसाउजेडी मेलेले जनावर उचलून चाललेला बौद्धवाडीतला माणूस कोणाला दिसू नये, म्हणून अंधार पडायची वाट पाहिली. पुरायला अंधार लागला, आणि अंधार लपवायला खोटे लागले. पोराला आम्ही त्याच्या भल्यासाठी खोटे सांगितले असे स्वतःला समजावत होतो. खरे तर आमची लाज झाकण्यासाठी सांगितले.

आता दादांच्या प्रश्नाचे उत्तर. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद झाली. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मृतमांस सोडायला सांगितले आणि २० तारखेला चवदार तळ्याचे पाणी प्याले. ज्या तळ्यावर गुरेढोरे, कुत्री-मांजरे पाणी पीत होती तिथे माणसाला बंदी होती, म्हणून तो लढा. तेव्हा जनावराचे नाव निघाले की आपल्या जुन्या माणसांच्या मनात कळ येते, ती खरीच आहे. आम्ही परळ-लालबागला असताना आमच्या मनातही तेच यायचे. परळला जनावरांचे मोठे इस्पितळ आहे, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे. कामगार त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. १८८० च्या दशकात दिनशा पेटिट या गिरणीमालकांच्या दानातून ते उभे राहिले. आणि गिरणी कामगाराला रविवारची हक्काची सुट्टी मिळाली १८९० साली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून मिळवली. जनावराला आधी इस्पितळ आणि माणसाला नंतर सुट्टी, असे म्हणून आम्ही चहाच्या टपरीवर हसायचो.

पण त्याच इस्पितळात आम्ही एक गोष्ट पाहिली. आमच्या खात्यात एक मांजर होती, उंदरांसाठी ठेवलेली. ती एकदा यंत्रात सापडून जबर जखमी झाली. एक बदली कामगार तिला डब्याच्या पिशवीत घालून बैलघोड्याला घेऊन गेला, सोबत आम्ही. मांजर वाचली नाही. तो गडी तिथे ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. आम्ही म्हणालो, अरे मांजरासाठी एवढे? तेव्हा कळले की त्याचे तान्हे मूल दोन वर्षांपूर्वी गावी गेले होते. याला रजा मिळाली नव्हती. मुलासाठी तो रडलाच नव्हता. ते रडणे आत तसेच साठलेले होते, ते मांजराच्या निमित्ताने बाहेर आले. त्या दिवसापासून आम्ही "जनावरासाठी काय रडायचे" हे म्हणणे सोडले. माणसाच्या वाटणीतले अश्रू कमी करून कोणी जनावरासाठी रडत नाही. अश्रूंचा झरा एकच असतो.

आणि बाबासाहेबांचे म्हणाल, तर राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा तो फोटो आपल्या बहुतेकांच्या घरी आहे. त्यात यशवंतराव आहेत, बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, थोरल्या जाऊबाई लक्ष्मीबाई आहेत, पुतण्या मुकुंदराव आहेत, आणि सोबत कोण आहे? बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. आपण फोटोला फुले वाहतो, पण टॉबीकडे नीट पाहत नाही. ज्या महापुरुषाने कुत्र्या-मांजरांचे पाणी दाखवून माणसाचा हक्क मागितला, त्यांनी कुत्र्याचा द्वेष केला नाही. त्यांचे भांडण जनावराशी नव्हतेच. त्याच बाबासाहेबांची आणि रमाईची चार लेकरे लहानपणी गेली. राजरत्न गेला तो १९२६ च्या जुलैत. बाबासाहेबांनी ते दुःख गिळून टाकले नाही, दत्तोबा पवारांना पत्र लिहून मन मोकळे केले. दुःख बोलून दाखवल्याने माणूस लहान होत नाही.

दादा, गावाचे ढोर गावाच्या हुकमाने ओढायचे, ती गुलामी. आपल्या पोराच्या सोबत्याला आपल्या मर्जीने, आपल्या हाताने मातीत ठेवायचे, हे प्रेम. काम दिसायला एक असेल, चेतना वेगळी आहे. दादांनी त्या दिवशी आमचे ऐकून घेतले. पटले की नाही ते त्यांनाच विचारा. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवासाठी माडाचा एक कवाथा पाठवून दिला. तो आमच्या आगरात लागला आहे.

आता किसा गौतमीची गोष्ट. ती आपण या विहारात अनेकदा ऐकली आहे. मेलेले मूल कवटाळून ती औषध मागत श्रावस्तीत फिरत होती. बुद्धांनी तिला मूठभर मोहरी आणायला सांगितली, पण ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरची. बुद्धांनी तिला काय सांगितले नाही, ते बघा. तुझे मूल झोपले आहे असे सांगितले नाही. स्वर्गात गेले असेही सांगितले नाही. तिला माणसांत पाठवले. घरोघरी तिला कळले की हे दुःख आपल्या एकटीचे नाही.

आम्ही त्याच पुढच्या रविवारी बालवर्गात तेवढेच केले. मुलांना गोलात बसवले आणि विचारले, कोणाचे जनावर मेले आहे? आधी सगळी गप्प. मग एकीने सांगितले, तिची कोंबडी मुंगसाने नेली. एकाचे मांजर विहिरीत पडले होते. एकाचा बैल म्हातारा होऊन गोठ्यात मेला, तेव्हा त्याचे आजोबा दोन दिवस जेवले नव्हते. वर्गातले एकही मूल असे निघाले नाही की ज्याच्यापाशी सांगायला काही नाही. आमचा नातू सगळ्यांत शेवटी बोलला. बेडा उघडा राहिल्याचेही त्याने स्वतःहून सांगितले. तेव्हा ती कोंबडीवाली मुलगी म्हणाली, "माझ्याकडसून पण खुराडा उघडा रवलेला." पोराच्या तोंडावर जे दिसले ते आमच्या दहा भाषणांनी आले नसते.

एक प्रश्न मात्र चुकला नाही, आणि तुमच्याही घरी तो येणार आहे. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने आमची छाती धरलेली आहे, रात्री खोकला येतो. एका रात्री पोराने अंधारातच विचारले, "आजोबा, तुमी पण मरतलात?"

आम्ही म्हणालो, "होय, मरतलंय. सगळी मरतत. पण खूप वर्षे जगायचे आमच्या मनात आहे, म्हणून औषध घेतो. आणि आम्ही नसलो तरी तुझी आई आहे, बाबा आहे, आजी आहे, वाडी आहे. तुका एकटो कोण ठेवचो नाय." थोड्या वेळाने तो झोपला. आम्ही मात्र जागे राहिलो. आपल्या मरणाविषयी खरे बोलायला माणसाला नातू लागतो.

आता आईबापांना आणि विशेषतः आमच्यासारख्या आजी-आजोबांना चार गोष्टी सांगतो.

पहिली, शब्द सरळ वापरा. मेला म्हणा. झोपला म्हणालात तर मूल झोपायला घाबरेल. देवाघरी गेला हे तर आपल्या धम्माचे बोलणेच नव्हे. बाबासाहेबांनी धम्मग्रंथात सांगितले आहे की पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वे मृत्यूनंतर आपापल्या तत्त्वांत मिसळतात. लहान मुलाला एवढे सांगा की शरीर मातीत मिळते, आणि आपण केलेले प्रेम आपल्याजवळ राहते. चार-पाच वर्षांच्या मुलाला मरण कायमचे असते हे उमगत नाही. ते पुन्हा पुन्हा विचारेल, कधी येणार? चिडू नका, तेच उत्तर शांतपणे पुन्हा द्या. सात-आठ वर्षांच्या मुलाला कळते, आणि मग ते तुमच्या मरणाविषयी विचारते.

दुसरी, मुलाला निरोप घेऊ द्या. जनावर फार छिन्नविच्छिन्न झाले असेल तर दाखवू नका, पण पुरताना त्याला बरोबर घ्या. माती टाकू द्या, फूल ठेवू द्या. खड्डा कमरेएवढा खोल आणि विहिरीपासून लांब घ्या. मात्र कुत्रे पिसाळल्यासारखे वागून मेले असेल तर मुलांना जवळ जाऊ देऊ नका. ते कोणाला चावले, ओरखडले किंवा त्याची लाळ जखमेला लागली असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. तिथे उपचारात एक दिवसाचाही उशीर नको.

तिसरी, मुलाला स्वतःहून विचारा, "तुझ्यामुळे झाले असे तुला वाटते का?" बहुतेक मुलांना असे काहीतरी वाटत असते. ऐकून घ्या, आणि मग समजावा.

चौथी, दुसऱ्या दिवशी नवे पिल्लू आणून मुलाचे तोंड बंद करू नका. सोबती म्हणजे फुटलेला माठ नव्हे, की बाजारातून दुसरा आणला. मुलाने मागितले तर बघावे. शाळेतल्या गुरुजींना, बाईंना सांगून ठेवा. आणि मूल कित्येक आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, एकटेच बसत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस फोन आहे. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. त्यात लाज कसली?

आमच्या घरात अजून दुसरे कुत्रे नाही. भिंतीवरच्या बारा रेघा तशाच आहेत. यंदा विहाराला रंग देताना उरलेला चुना घरी आणला तेव्हा पडवी रंगवू या म्हटले, तर नातू म्हणाला, त्या ठेवा. ठेवल्या. त्या त्याच्या वाट पाहण्याच्या रेघा आहेत, आणि आमच्या खोट्याच्याही.

मुसावादापासून दूर राहण्याचे शील आपण या विहारात दर रविवारी घेतो. ते कोर्टात साक्ष देण्यापुरते नाही. संध्याकाळी खळ्यात बसून सात वर्षांचे लेकरू "खंय गेलो?" म्हणून विचारते, तिथेच त्या शिलाची खरी परीक्षा होते. त्या परीक्षेत आम्ही एकदा नापास झालो, ते तुमच्यासमोर उभे राहून सांगितले. तुमच्या घरी ती वेळ येईल तेव्हा तुम्ही पास व्हा, एवढेच मागणे.

चुकीचे काही बोललो असेन तर दुरुस्त करावे. 

नमो बुद्धाय! जय भीम!